परगावी गेलेल्याचं ताट

ओसाका, ११ मे १९८४

हिसाओ,

पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी आतला फोटो काढून घे. आमच्या स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर लागलेलं पोस्टर आहे ते. माझा चेहरा एवढा मोठा केलाय की नाकपुडीत सायकल उभी करता येईल. खाली लिहिलंय, ‘इसामु एकटाच’. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, थेट प्रक्षेपण. तुमच्या उवाजिमातही दिसतो, म्हणजे तुला ठाऊक असणारच. तू बघत नाहीस असं म्हणशील, हेही मला ठाऊक आहे.

वाकायामाला भर प्रयोगातून तू निघून गेलास त्याला तीन वर्षं व्हायला आली. मी बावळट, तू दटावणारा. मी काहीतरी भलतं बोलायचं, तू टपली मारून मला ताळ्यावर आणायचं, एवढाच आपला धंदा. त्या दिवशी मी भलतं बोललो, टपलीसाठी मान पुढे करून उभा राहिलो, आणि तू विंगेत. लोकांना वाटलं हाही विनोदच. नंतर ड्रेसिंगरूममध्ये तू म्हणालास, “वीस वर्षांत माझ्या एका वाक्याला कुणी हसलेलं नाही. ते तुलाच हसतात. मी तिथे उभा राहून काय करतो?” आणि बॅग उचलून बहिणीच्या दुकानात माशाच्या वड्या तळायला गेलास. मलाही ते खरंच वाटत होतं.

तर सांगायचं एवढंच की मी एकटा उभा आहे आणि बरा उभा आहे. आमचा निर्माता इबुका म्हणून आहे, चांगला माणूस, फक्त स्वतःला फार समजतं असं समजतो. त्याने माझ्यासाठी स्टेजच्या मधोमध चिकटपट्टीची फुली मारली. मी मात्र माइकच्या उजवीकडेच जाऊन उभा राहतो. पाय तिकडेच जातात. डावीकडे तुझी जागा रिकामी. इबुकाला वाटलं ही माझी नवी शैली. पेपरवाल्यांनी तर त्यावर अख्खा लेख लिहिला. आणि अजूनही भलतं काही बोललो की मी सवयीने थांबतो, टपलीपुरता. त्या थांबण्यावर लोक असे काही हसतात की विचारू नकोस.

उत्तराची अपेक्षा नाही. पाठवलंस तर बंदीही नाही.

इसामु


ओसाका, १ जून

हिसाओ,

उत्तर नाही आलं. बरं.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी उगाच फुशारकीने लिहिली, ती आता सरळ लिहितो. लोक माझ्या वाक्यांना हसत नाहीत. मी बोलत असतो तेव्हा सगळं चिडीचूप. मी थांबतो तेव्हा हसतात, तेही थांबल्या थांबल्या नाही. जरा वेळ जाऊ देतात. कुणीतरी एक छोटं वाक्य बोलून होईल एवढा वेळ, आणि मग हास्याचा लोंढा येतो.

मला खात्री करून घ्यायची होती. काल मुद्दाम म्हणालो, “आज गुरुवार आहे.” आणि गप्प उभा राहिलो. यात हसण्यासारखं काय आहे? गुरुवारच होता. तर पहिल्या रांगेतला एक गृहस्थ खुर्चीतून खाली घसरला.

कार्यक्रमानंतर बाहेर एक म्हातारं जोडपं सही घ्यायला थांबलं होतं. मी विचारलं, कशाला हसलात हो एवढे? आजोबा म्हणाले, “तुम्ही ते थांबता ना, ते भारी.” आजी म्हणाल्या, “आणि ते उत्तर.” मी म्हटलं, कुठलं उत्तर? त्यांनी तोंड उघडलं, मग कपाळाला आठ्या पडल्या, आणि त्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. दोघांनाही आठवेना. सही न घेताच गेले बिचारे.

आता दुसरी गोष्ट. हसू नकोस. माझी आई कशी आहे तुला माहीत आहे. बाबा लढाईवर होते तेव्हा ती रोज संध्याकाळी त्यांचं ताट मांडायची. वाटीभर भात, झाकणाच्या वाडग्यात गरम सूप. परगावी गेलेल्याचं ताट घरी मांडलं की तो उपाशी राहत नाही, आणि झाकणाच्या आतून पाणी धरलं की समजायचं तो सुखरूप आहे. आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी असं एक ताट असायचं. आमचे बाबा परत आले. म्हणून आईचा त्यावर एवढा विश्वास.

गेल्या शरदात माझा पहिला कार्यक्रम होता तेव्हा भीतीने माझी बोबडी वळली होती. आई म्हणाली, “हिसाओचं ताट मांड. तो आहे असं वाटेल.” मांडलं. ड्रेसिंगरूममध्ये, तू बसायचास त्या कोपऱ्यात. शिंपल्यांचं सूप, मुळ्याचं लोणचं. जाताना झाकण उचललं तर आतून थेंबच थेंब. त्या दिवशी कार्यक्रम असा रंगला की तेव्हापासून दर गुरुवारी मांडतो. नटाची जात, सोडवत नाही.

तू ठीक आहेस ना? एवढंच कळव.

इसामु


ओसाका, १५ जून

हिसाओ,

आज मी चिडलेलो आहे, तेव्हा जपून वाच.

आपले पिवळ्या चौकड्यांचे कोट आठवतात? तुझा माझ्याकडेच राहिला. माझ्या कोटाशेजारच्या खुंटीला असतो. काल कार्यक्रम संपवून मी आत आलो तर कपड्यांच्या ओकुनो मावशी दोन्ही कोट हातात घेऊन उभ्या. “इसामुसान, एका कार्यक्रमाला दोन दोन कोट घामाने भिजवायचे म्हणजे काय? मला दोन हातच आहेत हो,” म्हणाल्या. मी म्हटलं, मावशी, हा मी घातलेलाच नाही. त्यांनी कोटाची काख माझ्या नाकाखाली धरली. “मग हा काय स्वतःहून नाचून आला?”

काख ओली होती. कोट गरम होता, कुणीतरी आत्ताच अंगातून काढल्यासारखा. आणि वास तुझ्या त्या कापूर घातलेल्या मलमाचा, जे तू खांद्याला चोळायचास. वीस वर्षं एका खोलीत कपडे बदललेत आपण, मला वास ओळखायला शिकवू नकोस.

मेकअपवाली मुलगी दर गुरुवारी कुरकुरते की माझे मागचे केस एकाच जागी चपटे झालेले असतात. मी आरशात मान वळवून बघितलं. तुझी टपली बसायची तीच जागा.

तुला परत यायचं असेल तर दारातून ये. मी इबुकाला सांगतो, पोस्टरवर तुझंही नाक छापायला लावतो. पण हे असं चोरून येऊ नकोस. मी तिथे उभा असतो, शंभर माणसं माझ्या शेजारच्या माणसाला हसतात आणि मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. तुला कधी असं वाटलं होतं का, मी शेजारी असताना? वाटलं असेल. तू तसंच म्हणाला होतास.

इसामु


ओसाका, ६ जुलै

हिसाओ,

तुझ्या बहिणीचा, चिएकोताईंचा, फोन आला. माझी पत्रं त्याच तुला वाचून दाखवतात हे आता कळलं, म्हणून आज अक्षर बरं काढतोय. ताई, हे पत्रही त्याला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

त्यांनी जे सांगितलं ते तुला स्वतःला कितपत माहीत आहे कुणास ठाऊक, म्हणून लिहितो. गेल्या शरदापर्यंत तू धडधाकट होतास. नंतर गुरुवारी संध्याकाळी दुकानात उभ्या उभ्या पेंगायला लागलास. हल्ली बुधवारी आडवा होतोस तो शनिवारपर्यंत उठत नाहीस. डॉक्टरला काही सापडत नाही. अंगावर मांस राहिलेलं नाही. आणि उठतोस तेव्हा घसा बसलेला असतो. ताई म्हणाल्या, “तीन तीन दिवस तोंडातून शब्द नाही, आणि घसा असा की जत्रेत ओरडून आलाय.” तो घसा मला माहीत आहे. दोन प्रयोग केल्यावर तुझा असाच व्हायचा.

मग म्हणाल्या, त्या शेजारच्या खोलीत माझा कार्यक्रम बघतात. मी थांबलो की आतून तू झोपेत काहीतरी बोलतोस. तुझं बोलून झालं की टीव्हीतले लोक हसतात. त्यांना वाटलं तू आवाज ऐकून बरळतोस. म्हणून एका गुरुवारी त्यांनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. तू तरीही बोललास, नेमका तेव्हाच, आणि गोधडीतून हात बाहेर काढून हवेत टपली मारलीस.

मी विचारलं, बोलतो तरी काय? त्या लाजल्या. त्यांना वाटलं मी तुझी थट्टा करीन. मी म्हटलं, ताई, मागच्या गुरुवारी मी म्हणालो होतो, “नवी टोपी घेतली, आतून अजून गरम आहे.” त्यावर काय म्हणाला?

“म्हणाला, ‘अरे, ती उतरव आधी. घरी सगळे जेवायचे थांबलेत.’”

हिसाओ, मी फोन हातात धरून हसलो. एवढा हसलो की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. वीस वर्षांत तुझ्या वाक्याला मी स्वतः कधी हसलो नव्हतो, कारण तोवर मी पुढच्या वाक्याची तयारी करत असायचो. मग हसणं थांबलं आणि मला घाम फुटला. टोपी घातलेला गाढव एकटा हसवत नाही रे. कुणीतरी ती उतरव म्हणतं तेव्हा लोक हसतात. ते तुला हसत होते. नेहमीच तुला हसत होते, आणि तुला सांगायची अक्कल आपल्या दोघांनाही नव्हती.

ही सगळी प्रसिद्धी तुझी आहे. आणि ती तुला खाते आहे.

इसामु


ओसाका, १० ऑगस्ट

हिसाओ,

ताट बंद केलं. ताईंचा फोन आला त्याच आठवड्यात बंद केलं. ओकुनो मावशींनी विचारलं, “आज पाहुणे नाहीत का?” मी म्हटलं नाहीत. बाहेर गेलो, थांबलो, लोक हसले. कोट ओला.

मग आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, बाबांचं एक तिने मला कधी सांगितलं नव्हतं. लढाईनंतर त्यांचा एक सोबती घरी आला होता. तो सांगत होता की तिकडे रोज संध्याकाळी बाबा बसल्या जागी थिजून जायचे. हाक मारली तरी ऐकू यायची नाही, हाताला चटका बसला तरी कळायचं नाही. थोड्या वेळाने भानावर यायचे आणि म्हणायचे, माझं जेवण झालंय. हातातला भात दुसऱ्याला देऊन टाकायचे. आईने ती वेळ विचारून घेतली होती. तिच्या ताट मांडायच्या वेळेशी ती जुळत होती.

“पण ते बरोबरच होतं ना,” आई म्हणाली. “त्यांचं घर इथे होतं. ते घरी यायचे.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “हिसाओ कुठे परगावी गेला होता? तो तर त्याच्या घरीच होता. आणि आपण त्याचं ताट इकडे मांडलं.”

एवढं बोलून तिने भाजीची टोपली तशीच टाकली आणि डोळे पुसले. चूक तिला तिची वाटते. मला माझी वाटते. पण आता कुणाची वाटून काय उपयोग? आम्ही मायलेकांनी मिळून तुझं घर स्टेजवर हलवलं, आणि तुझ्या घरी तुला पाहुणा केलं.

काल मी इबुकाच्या फुलीवर जाऊन उभा राहिलो, अगदी मधोमध. म्हटलं जागाच ठेवायची नाही, म्हणजे कुणी येणार नाही. नंतर इबुका म्हणाला, “शाब्बास, पुन्हा उजवीकडे सरकलात ते छान केलंत.” मी सरकलो नव्हतो. मला खांद्याने बाजूला केलं, तू करायचास तसं.

इसामु


ओसाका, ७ सप्टेंबर

हिसाओ, आणि चिएकोताई,

मी कार्यक्रम सोडतोय. शेवटचा गुरुवार सत्तावीस सप्टेंबर.

इबुका आधी हसला, मग ओरडला, मग माझ्या पायाशी बसला. देशातला सगळ्यात जास्त बघितला जाणारा विनोदी कार्यक्रम असा कुणी सोडतं का, म्हणाला. कारण विचारलं. काय सांगू त्याला? घसा दुखतो म्हणालो. पेपरात आलंय की मला असाध्य रोग आहे, एक जण लिहितो की बाईचं प्रकरण आहे. आईने ते कात्रण कापून ठेवलंय, तिला त्यातला माझा फोटो आवडला.

मी आजच सोडू शकलो असतो. पण गेले काही दिवस एकच गोष्ट डोक्यात आहे. आपला खेळ नेहमी तुझ्या वाक्यावर संपायचा. तू म्हणायचास, “पुरे झालं,” आणि दोघं वाकून नमस्कार करायचो. दटावणाऱ्याने पुरे म्हटल्याशिवाय खेळ संपत नाही, हे आपण गुरुजींच्या हाताखाली झाडू मारत असल्यापासून शिकलो. वाकायामाला तू ते म्हणालाच नाहीस. तो खेळ अजून चालू आहे. मी नुसता निघून गेलो तर तू गुरुवार आला की कुठल्यातरी रिकाम्या स्टेजवर एकटा उभा राहशील, आणि तुला घरी जा म्हणणारं कुणी नसेल.

म्हणून शेवटच्या दिवशी तोच खेळ तिथून पुढे करतो, जिथे तू सोडलास.

ताई, तुम्ही एकच करा. बरोबर सातला हिसाओच्या उशाशी त्याचं ताट मांडा. भात, लोणचं, झाकणाच्या वाडग्यात शिंपल्यांचं सूप, कढत. तिथेच बसून राहा. त्याला हाक मारू नका.

मला तो ऐकू येणार नाही. तुम्हाला येईल.

इसामु


ओसाका, २८ सप्टेंबर

हिसाओ,

ताईंचा फोन येऊन गेला, त्यामुळे तू जागा आहेस हे माहीत आहे. पण तुझ्या बाजूने काय झालं ते मला कळलं, माझ्या बाजूने काय झालं ते तुलाही कळायला हवं.

मी उजवीकडे उभा राहिलो. कोट घातला, तुझा खुंटीवर ठेवला. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोललो, लोक तुला हसत होते. मग मी वाकायामाचं वाक्य घेतलं. आठवतं?

“मी माझ्याच घरी गेलो, दार वाजवलं, विचारलं, इसामु आहे का? आतून बायको म्हणाली, नाही, बाहेर गेलाय. म्हणून मी परत आलो.”

आणि मान पुढे करून उभा राहिलो. खरं सांगतो, वाटलं आताही तू विंगेत जाशील. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. इबुका काचेमागे उठून उभा राहिलेला मला दिसला. प्रेक्षकांत कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग हसू आलं. वीस वर्षांत मी तसं हसू ऐकलेलं नाही. मागच्या रांगांतून सुरू झालं आणि पुढे आलं, बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकवून हसत होत्या, कॅमेरावाल्याचा कॅमेरा हलत होता. माझ्या डोक्यामागे चटका बसला. ते सगळं ओसरेपर्यंत मी थांबलो. मग लोक एकदम गप्प झाले, त्यांना काहीतरी सांगितल्यासारखे. मी ओळखलं आणि वाकलो. टाळ्या वाजल्या. मान वर केली तेव्हा डावीकडे नुसती फरशी होती. कधी नव्हे ती मला ती रिकामी दिसली.

आत गेलो. तुझा कोट कोरडा. ओकुनो मावशी म्हणाल्या, “आज शहाण्यासारखं वागलात.”

आता तुझी बाजू, ताईंनी सांगितली तशी, म्हणजे तुला खोटं बोलता येणार नाही. तू डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणालास, “गाढवा, तू गेलास म्हणून तर तो घरी नाही.” मग थोड्या वेळाने हळूच म्हणालास, “पुरे झालं. घरी जा.” पडल्या पडल्या मान वाकवलीस. ताईंनी झाकण उचललं, आतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. आणि तू डोळे उघडून म्हणालास की सूप गार झालंय.

ताईंना रडू आवरत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, यालाच लोक हसायचे.

इसामु


ओसाका, १६ नोव्हेंबर

हिसाओ,

तुझं कार्ड मिळालं. तीन वर्षांनी लिहायचं ते चार ओळी, आणि त्यातल्या दोन वड्यांवर. अंगावर मांस चढलंय हे वाचून बरं वाटलं.

पण उरलेल्या दोन ओळी मी परत परत वाचतोय. तू लिहितोस की हल्ली सकाळी दुकानासमोर गर्दी असते. वड्या घ्यायला कमी, तुझं बोलणं ऐकायला जास्त. गिऱ्हाइकाला दटावण्याआधी तू जरा थांबतोस, का ते तुलाही माहीत नाही, आणि तू तोंड उघडायच्या आतच लोक हसायला लागतात.

आता माझं ऐक. माझे इथे दिवस रिकामे आहेत. इबुका फोन करत नाही, पेपरवाल्यांना दुसरं कुणी सापडलं. मी सकाळी चहा घेऊन खिडकीशी बसतो आणि मला अशी झोप लागते की आईने भांडी आपटली तरी जाग येत नाही. जाग येते तेव्हा तोंडात गरम वडीची चव असते. परवा सदऱ्याला तेलाचा वास येत होता. आई जेवायला वाढते तर माझ्या तोंडून निघतं, माझं झालंय. काल तिने हातातला चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. ते वाक्य तिने आधी ऐकलेलं आहे.

तेव्हा खरं सांग. दुकानात, तुझ्या उजव्या हाताला, तू कुणाचं ताट मांडतोस? ताईंनी नको म्हटलं असेल, आणि तू म्हणाला असशील की इसामुने माझ्यासाठी मांडलं, मीही मांडणार. तुला मी ओळखत नाही का?

मी रागावलेलो नाही. आधी वाटलं लिहावं, ते ताट उचल. तसं लिहिलंही आणि फाडलं. इथे माझी जागा म्हणावी असं आता काही नाही, आणि सकाळची ती झोप फार गोड लागते. झोपेत कुणीतरी माझ्या डोक्यामागे मारतं आणि मी हसतो, असं आई सांगते. घर कुठे आहे ते मला कळायला लागलंय.

पण असं अर्धं अर्धं येणं बरं नाही. तुझं काय झालं होतं ते मी बघितलंय. पुढच्या शनिवारच्या बोटीने मात्सुयामाला उतरतो, तिथून रेल्वेने. आई बरोबर आहे, तिने लोणच्याची बरणी केव्हाच बांधून ठेवली आहे. पिवळे कोट दोन्ही आणतोय.

ताट उचलू नकोस. मी सगळाच येतोय. जेवायला थांबा.

इसामु